विश्लेषण : अंगणातल्या बार्बेक्यूसाठी ‘कामाडो’ घ्यायचा का? घेताना नेमके काय पाहायचे?

अमेरिकेत मे महिन्याच्या अखेरच्या सोमवारी येणाऱ्या ‘मेमोरियल डे’पासून सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारच्या ‘लेबर डे’पर्यंतचा काळ हा अंगणातल्या बार्बेक्यूचा हंगाम मानला जातो. उपनगरांतील घरांच्या मागच्या अंगणात या दिवसांत कोळशाचा धूर दिसू लागतो. तिथे स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही याला अपवाद नाहीत. कणीस, पनीर, तंदुरी चिकन आणि सुरमई यांचा त्यात समावेश असतो. अशा अंगणांत गेल्या काही वर्षांत अंड्याच्या आकाराची, जाड भिंतींची एक भट्टी दिसू लागली आहे. तिचे नाव ‘कामाडो’.

ही वस्तू साधी शेगडी नव्हे. चांगल्या सिरॅमिक कामाडोसाठी हजार डॉलर किंवा त्याहून अधिक मोजावे लागतात. मध्यम आकाराच्या भट्टीचे वजन 70 किलोच्या पुढे जाते. एकदा अंगणात बसवली की ती सहज हलवता येत नाही आणि चुकीचा आकार घेतला तर बदलणे खर्चिक ठरते. जाहिरातींत रंग, चाके आणि बाजूच्या फळ्या ठळक दिसतात. खरेदी योग्य ठरली की नाही, हे मात्र झाकण किती घट्ट बसते आणि हवा किती नेमकी आत जाते यावर ठरते. म्हणूनच पैसे देण्यापूर्वी हे यंत्र काम कसे करते, ते समजून घेणे आवश्यक आहे.

कामाडो म्हणजे काय? तो अमेरिकेत कसा पोहोचला?

‘कामाडो’ हा जपानी शब्द आहे. जपानी घरांतील पारंपरिक चुलीला कामाडो म्हणतात. भात शिजवण्यासाठी तिथे ‘मुशिकामाडो’ नावाचे मातीचे गोल, घुमटाकार झाकणाचे भांडे वापरले जाई. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये असलेल्या अमेरिकी सैनिकांना हे भांडे आवडले आणि मायदेशी परतताना काहींनी ते सोबत नेले. भातासाठी बनलेल्या त्या भांड्यात अमेरिकेत मांस भाजले जाऊ लागले.

1974 मध्ये एड फिशर यांनी अटलांटा शहरात ‘बिग ग्रीन एग’ ही कंपनी सुरू केली. सुरुवातीच्या मातीच्या भट्ट्या चविष्ट पदार्थ देत, पण त्या नाजूक होत्या. काही वर्षांच्या वापरानंतर त्या खराब होऊ लागत. पुढे मातीऐवजी उच्च तापमान सोसणारे सिरॅमिक वापरले जाऊ लागले आणि ही भट्टी टिकाऊ झाली. आज ‘बिग ग्रीन एग’शिवाय ‘कामाडो जो’, ‘प्रिमो’, जर्मनीची ‘मोनोलिथ’ अशा अनेक कंपन्या या प्रकारच्या भट्ट्या विकतात. ‘वेबर’ आणि ‘चार-ग्रिलर’ या कंपन्यांनी दुहेरी पोलादी भिंतींचे कामाडोही बाजारात आणले आहेत.

त्याचे काम कसे चालते?

कामाडोच्या तळाशी एक झडप असते आणि घुमटाच्या माथ्यावर दुसरी. आत तळाजवळ ‘फायरबॉक्स’ नावाची कोळशाची पेटी, त्यावर जाळी आणि वर जाड झाकण अशी रचना असते. कोळसा पेटला की गरम हवा वरच्या झडपेतून बाहेर पडते आणि तिची जागा घेण्यासाठी खालच्या झडपेतून थंड हवा आत खेचली जाते. धुराड्याचे तत्त्व तेच. झडपा जितक्या उघड्या, तितका प्राणवायू अधिक आणि आग मोठी. त्या जवळजवळ मिटल्या की आग मंदावते.

येथे भिंतींची जाडी महत्त्वाची ठरते. पातळ पत्र्याच्या ग्रिलमधून उष्णता सतत बाहेर जाते. ती भरून काढण्यासाठी मोठी आग लागते, मोठ्या आगीला जास्त हवा लागते आणि ही वाहती हवा मांसातला ओलावा सोबत घेऊन जाते. कामाडोच्या जाड भिंती उष्णता धरून ठेवतात. त्यामुळे छोट्या आगीवर आणि थोड्याशा हवेवर काम भागते. मांस कोरडे पडत नाही आणि कोळसाही कमी लागतो. मंद आचेवर कोळशाची एक भरण बारा तासांहून अधिक चालू शकते, ती यामुळेच.

याच भट्टीत 110 ते 120 अंश सेल्सिअसवर रात्रभर मांस शिजवता येते, 200 ते 260 अंशांवर कोंबडी भाजता येते आणि 300 अंशांच्या पुढे नेऊन पिझ्झा किंवा नानही करता येतात. एकाच भट्टीत तापमानाची एवढी व्याप्ती मिळणे हे कामाडोचे मुख्य बलस्थान आहे.

तंदूर, पोपटी आणि साध्या ग्रिलपेक्षा वेगळे काय?

मातीची जाड भिंत उष्णता धरते, ही गोष्ट मराठी वाचकाला नवी नाही. तंदूरही याच तत्त्वावर चालतो. मात्र तंदुराचे तोंड वर उघडे असते आणि तो अतिशय प्रखर आचेसाठी बनलेला असतो. तासन् तास मंद आच धरून ठेवणे हे त्याचे काम नाही. रायगड जिल्ह्यात हिवाळ्यात लागणाऱ्या पोपटीत वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी मडक्यात भरून भांबुर्ड्याच्या पाल्याने तोंड बंद केले जाते. ओलावा आतच राहिल्याने पदार्थ स्वतःच्या वाफेवर शिजतो. कामाडोतही ओलावा टिकतो, पण पोपटीची आग मडक्याबाहेर असते आणि कामाडोची आत. शिवाय झडपांमुळे ही आग कमी-जास्त करता येते.

अमेरिकेतील घराघरांत दिसणारा दुसरा प्रकार म्हणजे गोल ‘केटल’ ग्रिल. वेबर ब्रदर्स या धातुकाम कारखान्यात काम करणाऱ्या जॉर्ज स्टीफन यांनी 1952 मध्ये समुद्रातील बोयाच्या गोलाकार भागांपासून तो बनवला. तो हलका आणि स्वस्त असतो व लवकर तापतो. आठवड्यातून एखाद्या संध्याकाळी कबाब, बर्गर, कणीस भाजायचे असेल तर केटल पुरेसा आहे. कामाडोचा फायदा दिसतो तो लांब चालणाऱ्या स्वयंपाकात, थंडी-वाऱ्यात आणि अतिउच्च तापमानात. यांपैकी काहीच करायचे नसेल तर वाढीव खर्चाचा उपयोग होत नाही.

सिरॅमिक घ्यावा की पोलादी?

सिरॅमिक कामाडो जड असतो, हळू तापतो आणि हळू निवतो. एकदा स्थिर झालेले तापमान तो तासन् तास धरून ठेवतो. गंजण्याचा प्रश्न फक्त बिजागरी, पट्टे आणि स्क्रू यांच्यापुरता उरतो. पण तो पडला किंवा जोरात आदळला तर तडकतो. ओला झालेला सिरॅमिक एकदम प्रखर तापवला तर आतील ओलाव्याची वाफ होऊन तडे जाऊ शकतात. म्हणून पावसात भिजलेली भट्टी आधी मंद आचेवर कोरडी करावी लागते.

दुहेरी पोलादी भिंतींच्या कामाडोत दोन पत्र्यांमध्ये हवेची किंवा उष्णतारोधक थराची पोकळी असते. ‘चार-ग्रिलर’चा ‘अ‍ॅकॉर्न’ हे याचे प्रसिद्ध उदाहरण. त्याचे वजन 50 किलोच्या आत आहे आणि किंमत सिरॅमिकच्या निम्म्याहूनही कमी असते. तो लवकर तापतो, उचलता येतो आणि आदळला तरी फुटत नाही. मात्र कमी किमतीच्या पोलादी भट्ट्यांत राख साठून ओल धरली की तळ गंजू लागतो. मुंबई, कोकण, गोवा किंवा फ्लोरिडासारख्या खाऱ्या, दमट हवेत हा मुद्दा निर्णायक ठरतो. तिथे पोलादी भट्टी घ्यायची तर राख प्रत्येक वापरानंतर, पूर्ण निवल्यावर काढणे आणि वर छप्पर असणे या अटी पाळाव्या लागतात.

भाड्याच्या घरात राहणाऱ्या किंवा दोन-तीन वर्षांत घर बदलण्याची शक्यता असलेल्या कुटुंबासाठी पोलादी पर्याय व्यवहार्य आहे. स्वतःचे घर, पक्की फरशी आणि छप्पर असेल तर सिरॅमिकचा विचार करता येतो.

आकार कोणता निवडावा?

कामाडोचा आकार जाळीच्या व्यासावरून सांगितला जातो. 13 ते 15 इंची भट्टी दोन ते चार जणांना पुरते. 18 इंची हा सर्वाधिक रूढ आकार. त्यात सहा ते आठ जणांचा स्वयंपाक होतो. ‘बिग ग्रीन एग’चा ‘लार्ज’ आणि ‘कामाडो जो’चा ‘क्लासिक’ याच गटात येतात. त्यापुढचा आकार 24 इंची.

येथे एक हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. 18 इंची जाळीचे क्षेत्रफळ सुमारे 254 चौरस इंच भरते, तर 24 इंचीचे सुमारे 452 चौरस इंच. व्यास एक तृतीयांशाने वाढला की जागा जवळपास पावणेदोन पट होते. मात्र वजन, किंमत आणि कोळशाचा खर्चही वाढतो. मोठी भट्टी तापायला अधिक वेळ घेते. रोज चौघांसाठी भाजायचे आणि वर्षातून दोनदा वीस पाहुणे येणार, अशी स्थिती असेल तर त्या दोन दिवसांसाठी मोठी भट्टी घेण्याऐवजी 18 इंचीवर दुमजली जाळी लावणे अधिक शहाणपणाचे ठरते.

दुसरा मुद्दा दोन प्रकारच्या आचेचा. केटलमध्ये निखारे एका बाजूला सारून दुसरी बाजू मंद ठेवता येते. कामाडोची कोळशाची पेटी अरुंद, खोल आणि गोल असल्याने हे अवघड जाते. एकाच वेळी एका बाजूला प्रखर आणि दुसऱ्या बाजूला मंद आच हवी असेल तर अर्धगोल जाळ्या आणि अर्धगोल आडपडदा बसणारी भट्टी घ्यावी किंवा ‘प्रिमो’सारखा लंबगोल आकार पाहावा.

शाकाहारी आणि मांसाहारी पाहुणे एकत्र येणाऱ्या घरांत अर्धगोल जाळ्यांचा आणखी एक उपयोग होतो. पनीर-भाज्यांची जाळी वेगळी राखता येते. तरीही घुमटाखालचा धूर एकच असतो आणि मांसाची चरबी निखाऱ्यांवर गळते. ज्यांना हे चालत नाही, त्यांचे पदार्थ आधी, स्वच्छ जाळीवर भाजून घेणे हाच सरळ मार्ग आहे.

दुकानात काय तपासावे?

पहिली तपासणी झाकणाची. झाकण आणि तळाच्या काठावर ‘गॅस्केट’ नावाची मऊ पट्टी असते. काठावर कागदाची पट्टी ठेवून झाकण बंद करावे आणि पट्टी ओढून पाहावी. ती सहज निसटली तर त्या ठिकाणी फट आहे. चारही बाजूंनी ही चाचणी करावी. फटीतून हवा आत गेली तर झडपा मिटूनही आग मंदावत नाही. तापमान हाताबाहेर जाते आणि शेवटी कोळसा विझतही नाही. गॅस्केट कालांतराने झिजतेच, त्यामुळे ती बदलून मिळते का, हेही विचारावे.

दुसरी तपासणी बिजागरीची. सिरॅमिक झाकण जड असते. चांगल्या बिजागरीत स्प्रिंगचा आधार असतो, त्यामुळे झाकण एका हाताने उचलता येते आणि उघडे ठेवल्यावर धाडकन खाली येत नाही. घरातील सर्वांत कमी ताकदीच्या माणसाला ते उचलता येते का, हे दुकानातच पाहिलेले बरे.

तिसरी तपासणी झडपांची. त्या घट्ट आणि सलग सरकायला हव्यात. त्यांवर खुणा असतील तर ‘इतकी उघडली की इतके तापमान’ हे ध्यानात ठेवणे सोपे जाते. वरची झडप झाकण उघडताना स्वतःहून सरकत असेल तर प्रत्येक वेळी मांडलेला मेळ बिघडतो.

चौथा मुद्दा फायरबॉक्सचा. सर्वाधिक उष्णता याच भागाला सोसावी लागते आणि तडा जाण्याची शक्यताही येथेच अधिक. अनेक तुकड्यांत जोडलेला फायरबॉक्स तापल्यावर प्रसरण पावायला वाव देतो आणि एखादा तुकडा खराब झाला तर तेवढाच बदलता येतो. राख काढण्यासाठी ओढता येणारा कप्पा असेल तर रोजचे काम हलके होते.

झाकणावरील तापमापक सहसा घुमटातील तापमान दाखवतो, जाळीवरचे नव्हे. त्याची अचूकता उकळत्या पाण्यात तपासता येते. समुद्रसपाटीला काटा 100 अंशांवर यायला हवा. पुण्याच्या उंचीवर पाणी सुमारे 98 अंशांना उकळते, तर अमेरिकेतील डेन्व्हर शहरात सुमारे 95 अंशांना. ही वजावट धरूनच काटा जुळवावा.

कोणत्या जोडवस्तू खरोखर लागतात?

पहिली म्हणजे आडपडदा, अर्थात ‘हीट डिफ्लेक्टर’. ही सिरॅमिकची जाड तबकडी निखारे आणि जाळी यांच्यामध्ये बसते. ती असेल तर कामाडो ओव्हनसारखा चालतो, नसेल तर शेगडीसारखा. काही कंपन्या ती भट्टीसोबत देतात, काही वेगळी विकतात. दोन भट्ट्यांच्या किमतींची तुलना करताना हा फरक धरला नाही तर स्वस्त वाटणारी भट्टी महाग पडते.

दुसरी म्हणजे मांसात खुपसण्याचा तापमापक. अमेरिकी कृषी विभागाच्या निकषांनुसार कोंबडीच्या आतील तापमान 74 अंश सेल्सिअस, खिम्याच्या पदार्थांचे 71 अंश आणि मटणासारख्या अखंड तुकड्यांचे 63 अंश व त्यानंतर तीन मिनिटे विश्रांती एवढे असायला हवे. बाहेरून करपलेली तंगडी आतून कच्ची असू शकते. रंग पाहून अंदाज बांधणे येथे धोक्याचे आहे.

तिसरी वस्तू जलरोधक आच्छादन. पिझ्झाचा दगड, फिरता दांडा, तापमान राखणारा छोटा विजेवरचा पंखा या गोष्टी नंतर, गरजेनुसार घेता येतात.

कोळसा कोणता वापरावा?

कामाडोसाठी ‘लम्प’ म्हणजे अखंड तुकड्यांचा लाकडी कोळसा योग्य. मराठीत त्याला लोणारी कोळसा म्हणतात. दगडी कोळसा अन्नासाठी कधीही वापरू नये. भुकटी दाबून केलेल्या ‘ब्रिकेट’ कोळशाची राख अधिक पडते. ती खालची छिद्रे बुजवते आणि हवेचा मार्ग अडतो. लांब चालणाऱ्या स्वयंपाकात आग मध्येच मंदावण्याचे हे नेहमीचे कारण आहे. बाभळीसारख्या कठीण लाकडाचा, मोठ्या तुकड्यांचा कोळसा घ्यावा. चुरा अधिक असलेले पोते टाळावे.

कोळसा पेटवताना रॉकेल किंवा लायटर द्रव वापरू नये. सच्छिद्र सिरॅमिक तो वास शोषून घेते आणि पुढचे अनेक पदार्थ त्याच वासाचे होतात. मेण लावलेले लाकडी पेटवण किंवा विजेची पेटवणी पुरेशी असते. धुराच्या चवीसाठी अमेरिकेत हिकरी, ओक, सफरचंदाचे लाकूड वापरतात. ते सुके असावे. रंगवलेले, रसायन लावलेले किंवा प्लायवूडचे तुकडे टाकू नयेत.

तापमान हाताळताना काय चुकते?

नव्या वापरकर्त्याची ठरलेली चूक म्हणजे घाई. झडपा पूर्ण उघड्या ठेवून भट्टी पटकन तापवली जाते आणि हवे त्या तापमानाला पोहोचल्यावर त्या मिटल्या जातात. तोवर जाड भिंतींनी उष्णता साठवलेली असते. 120 अंशांवर थांबवायची भट्टी 180वर जाते आणि खाली यायला तास-दीड तास लागू शकतो. म्हणून ठरलेल्या तापमानाच्या 25-30 अंश आधीच झडपा मिटायला सुरुवात करावी आणि प्रत्येक बदलानंतर दहा-पंधरा मिनिटे थांबावे. झाकण वारंवार उघडणे हीदेखील तापमान बिघडवण्याची खात्रीची वाट. दर उघडण्यासोबत आगीला ताजी हवा मिळते.

धोके कोणते आणि ते कसे टाळावेत?

कामाडो घट्ट बंद होतो, हाच त्याचा गुण आणि हाच धोका. हवा तोडलेल्या गरम भट्टीत न जळालेले वायू साठतात. झाकण एकदम उघडले की आत हवा शिरते आणि आगीचा भपका बाहेर येतो. त्यात हात, भुवया, चेहरा भाजू शकतो. उपाय सोपा आहे. झाकण आधी दोन-तीन बोटे वर उचलून काही सेकंद धरावे, हवा आत जाऊ द्यावी आणि मगच पूर्ण उघडावे. हे करताना चेहरा भट्टीवर वाकवू नये. घरातील प्रत्येकाला ही सवय लावल्याशिवाय भट्टी हाताळू देऊ नये.

दुसरा धोका कार्बन मोनॉक्साइडचा. जळत्या कोळशातून निघणाऱ्या या वायूला रंग नसतो आणि वासही नसतो. बंदिस्त गॅलरी, गॅरेज, काचा लावलेला व्हरांडा किंवा घरात कामाडो कधीही पेटवू नये. पाऊस आला म्हणून पेटती भट्टी आत ओढणे जिवावर बेतू शकते.

तिसरा धोका लाकडी टेबलाचा. अनेकजण कामाडो सुंदर लाकडी मेजात बसवतात. तळ सतत तापत असल्याने लाकूड पेटू शकते. भट्टीखाली दगडी लादी किंवा कंपनीने दिलेले पाय असलेच पाहिजेत. स्वयंपाक संपल्यावर दोन्ही झडपा मिटाव्यात. हवेअभावी आग विझते आणि उरलेला कोळसा पुढच्या वेळी वापरता येतो. वर पाणी ओतू नये. त्याने सिरॅमिक तडकते. राख दुसऱ्या दिवशी काढली तरी ती झाकणाच्या धातूच्या डब्यातच टाकावी, कारण आतला एखादा निखारा जिवंत असू शकतो.

जागा आणि नियम यांचे काय?

अमेरिकेत अनेक ठिकाणी लागू असलेल्या ‘इंटरनॅशनल फायर कोड’नुसार बहुमजली वसाहतींत ज्वलनशील बाल्कनीवर किंवा ज्वलनशील बांधकामापासून 10 फुटांच्या आत कोळशाची भट्टी पेटवता येत नाही. एक किंवा दोन कुटुंबांच्या स्वतंत्र घरांना आणि स्प्रिंकलर बसवलेल्या इमारतींना यात सवलत आहे. मात्र स्थानिक नियम आणि रहिवासी संघाच्या अटी वेगळ्या असू शकतात. अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्याने भट्टीची मागणी नोंदवण्याआधी भाडेकरार वाचणे आवश्यक आहे.

महाराष्ट्रातील शहरांत कामाडोला खरी जागा मिळते ती बंगल्याच्या आवारात किंवा कर्जत, लोणावळ्याकडच्या शेतघरांत. गृहसंस्थेची गच्ची सामाईक असते. तिथे सोसायटीची परवानगी आणि शेजाऱ्यांना होणारा धुराचा त्रास या दोन्ही गोष्टींचा विचार करावा लागतो. शिवाय पावसाळ्याचे चार महिने भट्टी कुठे राहणार, हे आधी ठरवावे. वरच्या झडपेतून पाणी आत गेले तर राखेचा चिखल होतो आणि गॅस्केटला बुरशी येते. पावसाळ्यात आत कोळसा न ठेवता, झडपा किंचित उघड्या ठेवून आच्छादनाखाली भट्टी ठेवणे हा त्यावरचा मार्ग आहे.

किंमत आणि हमी पाहताना काय लक्षात घ्यावे?

पोलादी कामाडो अमेरिकेत काही शे डॉलरमध्ये मिळतो. नामांकित कंपन्यांचे 18 इंची सिरॅमिक कामाडो हजार डॉलरच्या आसपास सुरू होऊन बरेच पुढे जातात. भारतात वजनदार आयात माल असल्याने शुल्क आणि वाहतूक यांची भर पडते. किमतीत स्टँड, आडपडदा, घरपोच पोहोचवणे आणि जोडणी धरली आहे का, हे लेखी घ्यावे.

अनेक नामांकित कंपन्या सिरॅमिक भागांवर आजीवन मर्यादित हमी देतात. ती सहसा फक्त पहिल्या खरेदीदाराला आणि अधिकृत विक्रेत्याकडून घेतलेल्या भट्टीलाच लागू असते. जुनी भट्टी स्वस्तात मिळाली तरी हमी सोबत येत नाही. ती घ्यायची तर फायरबॉक्स बाहेर काढून तडे पाहावेत, झाकणाची कागदी चाचणी करावी आणि सुटे भाग मिळतात का, याची खात्री करून घ्यावी. फायरबॉक्समधील बारीक तडा भट्टी निकामी करत नाही, बाहेरच्या कवचाला गेलेला आरपार तडा मात्र करतो. भारतात घेणाऱ्याने तुटलेला भाग किती दिवसांत आणि कुणाच्या खर्चाने येणार, हा प्रश्न आधी विचारावा. त्याचे उत्तर नसेल तर आजीवन हमी कागदावरच राहते.

मग कामाडो कोणी घ्यावा?

ज्या घरात महिन्यातून दोन-तीनदा तरी कोळशावर स्वयंपाक होतो, लांब चालणारे पदार्थ करण्याची हौस आणि सवड आहे, भट्टीसाठी कायमची मोकळी, पक्की जागा आहे, त्या घराला कामाडो अनेक वर्षे साथ देतो. ज्यांना ऑफिसातून आल्यावर अर्ध्या तासात कबाब हवे आहेत, त्यांना तो कंटाळवाणा वाटेल. त्यांच्यासाठी केटल किंवा साधी शेगडीच बरी. ज्यांना खात्री नाही, त्यांनी हंगामभर एखाद्या परिचिताच्या कामाडोवर दोन-तीनदा स्वयंपाक करून पाहावा किंवा पोलादी भट्टीपासून सुरुवात करावी.

निर्णयाचा क्रम सोपा ठेवता येतो. आधी जागा आणि नियम, मग पदार्थ आणि माणसे, त्यावरून आकार, नंतर सिरॅमिक की पोलाद आणि सर्वांत शेवटी कंपनी आणि रंग. बहुतेक खरेदीदार हा क्रम उलटा लावतात. मग 70 किलोची भट्टी अंगणाच्या कोपऱ्यात आच्छादनाखाली उभी राहते आणि कणसे पुन्हा गॅसवर भाजली जातात.